काचेच्या नळीत दीड तास

लिव्हरचं ऑपरेशन झालंय? मग ‘ऑक्सिजन चेंबर’मध्ये झोपा आणि निम्म्या वेळात ऑफिसात हजर व्हा! असा फॉरवर्ड तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. त्यात ऑक्सिजन किती आणि नुसती हवा किती?

माझा एक मित्र आहे. वय ३१, हिंजवडीत टीम लीड, वीकेंडला सिंहगड. त्याच्या बाबांचं लिव्हर हळूहळू निकामी होत गेलं. (दारूचा थेंब नाही हं! सुरुवात साध्या फॅटी लिव्हरने झालेली.) शेवटी डॉक्टर म्हणाले, आता ट्रान्सप्लांटच. ब्लडग्रुप जुळला, डझनभर टेस्ट झाल्या आणि या पठ्ठ्याने आपल्या लिव्हरचा उजवा भाग बाबांना देऊन टाकला. ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी स्वारी बेडवर पडल्यापडल्या मोबाइल चाळत होती, तर फॅमिली ग्रुपवर आत्याने एक जाहिरात टाकलेली. काचेच्या नळीत झोपलेली हसरी बाई, निळा लाइट आणि खाली, ‘सर्जरीनंतर सुपरफास्ट रिकव्हरी! १० सेशन्सचं पॅकेज.’ संध्याकाळपर्यंत मावसभावाने फोन करून चौकशीही उरकली होती. ‘‘तुझं आणि काकांचं एकत्र बुक केलं तर डिस्काउंट देतायत रे!’’

रात्री मित्राचा मला मेसेज. ‘तू हेल्थवर लिहितेस ना? बघ जरा, यात काही दम आहे का?’

खरं सांगते, तेव्हा ‘हायपरबेरिक ऑक्सिजन’ म्हटल्यावर मला फक्त मायकेल जॅक्सन आठवला! १९८६मध्ये अमेरिकेतल्या एका टॅब्लॉइडने त्याचा फोटो छापला होता, काचेच्या पेटीत डोळे मिटून पडलेला. तो म्हणे दीडशे वर्षं जगायचं म्हणून त्यात झोपतो. प्रत्यक्षात ती पेटी हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातली होती. १९८४मध्ये पेप्सीच्या जाहिरातीच्या शूटिंगमध्ये त्याच्या केसांना आग लागली, तेव्हा तो तिथेच अॅडमिट होता आणि मिळालेली भरपाई त्याने त्याच हॉस्पिटलला देऊन टाकली होती. गंमत बघा, खरी गोष्ट कितीतरी चांगली होती, पण खपली ती दीडशे वर्षांची. या पेटीचं पहिल्यापासून हे असंच चालत आलंय.

विरार फास्ट आणि सोडा बॉटल

आधी सायन्स, पण सोपं! आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. फुप्फुसातून तो रक्तात येतो आणि लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर चढून गावभर फिरतो. हिमोग्लोबिन म्हणजे आपली विरार फास्ट. धडधाकट माणसात ती ९७-९८ टक्के भरलेलीच असते. तुम्ही कितीही शुद्ध ऑक्सिजन घ्या, एक-दोन माणसं जास्त चढतील, बास.

मग जास्तीचा ऑक्सिजन न्यायचा कसा? तर लोकल सोडून पायी! रक्तातल्या पातळ द्रवात, म्हणजे प्लाझ्मात, थोडा ऑक्सिजन नुसता विरघळलेला असतो. नेहमीच्या हवेत तो अगदी नगण्य, १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण ०.३ मिलिलिटर. पण सोडा बॉटल आठवा. दाब दिला की पाण्यात गॅस जास्त विरघळतो, झाकण उघडलं की फस्सकन बाहेर. माणसाला तिप्पट दाबाखाली ठेवून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तो ०.३चा आकडा सहाच्या आसपास जातो. म्हणजे वीसपट! विश्रांतीत असलेल्या शरीराची गरज जेमतेम तेवढीच असते. म्हणजे हिमोग्लोबिन नसलं तरी थोडा वेळ भागेल?

हो, भागतं. १९६०मध्ये अॅमस्टरडॅमचे सर्जन इटे बोरेमा यांनी हे करून दाखवलं. डुकरांचं जवळजवळ सगळं रक्त काढून त्याजागी लाल पेशी नसलेला द्रव भरला, तीन अॅटमॉस्फिअर दाबाखाली ऑक्सिजन दिला आणि डुकरं जगली. निबंधाचं नाव होतं ‘लाइफ विदाउट ब्लड’. मार्केटिंगवाल्यालासुद्धा इतकं जबरी टायटल सुचलं नसतं.

पण त्याच्याही आधीचा एक किस्सा सांगायलाच हवा. ऑर्व्हल कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२८मध्ये क्लीव्हलँडला पोलादाचा प्रचंड गोळा उभारला. व्यास ६४ फूट, आत पाच मजले, हॉटेलसारख्या खोल्या! पैसे बेअरिंगवाल्या टिमकेन यांचे. डायबेटिसपासून कॅन्सरपर्यंत सगळं दाबाखालच्या हवेने बरं करतो, असा दावा. डॉक्टरांच्या संघटनेने पुरावा मागितला, तो काही मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो गोळा भंगारात गेला.

म्हणजे एकीकडे बोरेमा, दुसरीकडे कनिंगहॅम. मित्राच्या आत्याचा फॉरवर्ड यातल्या कुठल्या खात्यात टाकायचा, एवढाच प्रश्न होता.

‘डोक्याला तेल लावलंय का?’

नुसतं वाचून भागेना, म्हणून मी एका हॉस्पिटलच्या चेंबरमध्ये जाऊन आले. म्हणजे आत नाही, बाहेरून बघायला. जाड पारदर्शक अॅक्रिलिकची नळी, आत स्ट्रेचर, बाहेर टीव्ही. आत एक साठीचे गृहस्थ क्रिकेट बघत पडलेले. त्यांना डायबेटिस आणि पायाला काही केल्या न भरणारी जखम.

आत जायच्या आधीची चौकशी एअरपोर्टच्या सिक्युरिटीलाही लाजवेल अशी. मोबाइल बाहेर. घड्याळ बाहेर. कपडे फक्त सुती, तेही त्यांनीच दिलेले. डिओ नाही, क्रीम नाही, नेलपॉलिश नाही आणि टेक्निशियनचा ठेवणीतला प्रश्न, ‘‘काका, डोक्याला तेल लावलंय का?’’ खोबरेल तेलवाल्या पेशंटला त्याने सरळ परत पाठवलंय म्हणे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली, तर काय होईल याचा विचार करा. तो विचार पुढे येतोच आहे.

दार बंद झालं की दाब वाढायला लागतो. खंडाळ्याचा घाट उतरताना कानात दडे बसतात ना, अगदी तसंच. फक्त इथे तुम्ही समुद्राखाली १० ते १४ मीटर जाता, म्हणजे तीन-चार मजली बिल्डिंगइतके खोल. थुंकी गिळायची, जांभई द्यायची, नाक दाबून हलकेच फुंकायचं. सायकलच्या पंपासारखी हवा थोडी गरमही होते. मग तास-दीड तास नुसतं पडून राहायचं, अधूनमधून पाच मिनिटं साधी हवा. सलग शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली घेतला, तर तो मेंदूला बाधतो आणि फिट येऊ शकते. क्वचितच, पण येते. आपण ‘जितका जास्त तितका चांगला’ समजतो तो ऑक्सिजन औषधच आहे. त्याला डोस आहे आणि ओव्हरडोसही.

कानाचा त्रास सगळ्यात कॉमन. बरीच सेशन्स झाली, तर काही जणांना लांबचं धूसर दिसायला लागतं, ते काही आठवड्यांत ओसरतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांना पहिली दहा मिनिटं जड जातात. आणि छातीत, फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर चेंबरचं नावच नको. बाहेर येताना दाब उतरतो, ती हवा फुगते आणि फुप्फुस दाबलं जातं.

लिव्हर आपलं आपण वाढतं

आता मूळ मुद्दा, लिव्हर.

मित्राचं लिव्हर अर्ध्याहून जास्त काढलेलं. पण या अवयवाची खासियत अशी, की उरलेला तुकडा वाढतो. कापलेला भाग जसाच्या तसा पालीच्या शेपटीसारखा उगवत नाही. जो उरलाय तोच फुगून मोठा होतो आणि दोन-तीन महिन्यांत आकार बराचसा आधीच्या जवळ येतो. हे सुरू व्हायला कुठलीही पेटी लागत नाही. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त आता लहान तुकड्यातून जायला लागतं, तो वाढलेला प्रवाह हाच वाढीच्या हुकमांपैकी एक. ऑफिसात निम्मा स्टाफ गेला की उरलेल्यांचं जसं होतं तसं. फक्त लिव्हर कुरकुर न करता खरंच वाढतं!

मग ऑक्सिजनची कल्पना आली कुठून? अगदीच हवेतून नाही आली. कमी पेशींवर डबल काम, म्हणजे ऑक्सिजनची भूकही जास्त. शिवाय ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून लिव्हरकडे येणारं रक्त काही मिनिटं चिमट्याने रोखतात. ग्लासगोच्या प्रिंगल या सर्जनने ही युक्ती १९०८मध्ये लिहून ठेवली, ती आजही वापरली जाते. रक्त परत सुरू झालं की पेशींना एक फटका बसतो, तो ऑक्सिजनने सौम्य होईल का, हा प्रश्न रास्त आहे. उंदरांवर प्रयोग झाले. काहींत लिव्हर जोमाने वाढलं, काहींत विशेष फरक पडला नाही. जपानमध्ये कागोशिमाच्या सर्जन्सनी लिव्हर कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत चेंबरमध्ये नेऊन पाहिलं आणि २०११मध्ये आशादायक निष्कर्ष छापले. पण ते मोजके रुग्ण होते, आजारी लिव्हर असलेले होते आणि हॉस्पिटलच्या कडक देखरेखीखाली होते. ३१ वर्षांच्या ठणठणीत डोनरने त्यावरून पॅकेज घ्यावं, एवढा मोठा तो पुरावा नाही.

अमेरिकेत ‘अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटी’ची एक यादी आहे, चेंबर नेमका कशाकशासाठी वापरावा याची. त्यात पाणबुड्यांचा ‘बेंड्स’ आहे, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आहे, गॅस गँगरीन आहे, न भरणाऱ्या काही जखमा, रेडिएशनने झालेली इजा, अचानक आलेला बहिरेपणासुद्धा आहे. लिव्हर सर्जरीनंतरची रिकव्हरी नाही.

मग कुठे खरंच उपयोग होतो?

आणि इथे मी माझ्या सगळ्या टोमण्यांना ब्रेक लावते. कारण लिव्हरच्या दुनियेत एक जागा अशी आहे, जिथे ही पेटी गंभीरपणे वापरली गेलीय.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. पोर्टल व्हेन ही मोठी, तिच्यातून जवळपास तीन चतुर्थांश रक्त येतं. हेपॅटिक आर्टरी लहान, पण ऑक्सिजनने भरलेली. आणि पित्ताच्या नळ्या जगतात त्या या धमनीच्या जिवावर. ट्रान्सप्लांटमध्ये ही धमनी सर्जनला सूक्ष्म टाक्यांनी जोडावी लागते. लहान मुलांत ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद. तिच्यात गुठळी झाली की बाका प्रसंग! नव्या लिव्हरला पर्यायी वाटा अजून फुटलेल्या नसतात. पित्ताच्या नळ्या मरायला लागतात, लिव्हर सडू शकतं. उपाय एकच, ताबडतोब ती धमनी उघडणं. नाही जमलं तर पुन्हा ट्रान्सप्लांट. पण दुसरं लिव्हर काय शेल्फवर ठेवलेलं असतं?

पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी अशा मुलांना चेंबरमध्ये नेलं आणि १९९९मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. धमनी बंद असली तरी पोर्टल व्हेनचं रक्त तर येतंय, मग त्यातच जास्त ऑक्सिजन विरघळवू, असा त्यामागचा विचार. ज्यांना ही ट्रीटमेंट मिळाली त्यांच्यात लिव्हर सडण्याचा प्रकार झाला नाही आणि दुसऱ्या ट्रान्सप्लांटपर्यंत बराच जास्त वेळ मिळाला. मुलं वाचण्याच्या एकूण प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे चेंबरने लिव्हर बरं केलं नाही, वेळ मिळवून दिला. ज्यांचं मूल वेटिंग लिस्टवर आहे त्या आई-बाबांना विचारा, वेळ म्हणजे काय ते.

दुसरी एक जागा आहे. लिव्हर कापताना मोठ्या शिरेतून हवेचा बुडबुडा रक्तात शिरला, हृदयातून पुढे मेंदूकडे गेला, तर चेंबर हीच त्याची मान्यताप्राप्त ट्रीटमेंट. दाबाने बुडबुडा आक्रसतो आणि विरघळतो. अगदी पाणबुड्यासारखं. कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ हॉस्पिटलमध्ये असा चेंबर आहे तो याच परंपरेतला, समुद्राखाली काम करणाऱ्यांसाठी.

या दोन्ही प्रसंगांत पेशंट आयसीयूत असतो, निर्णय ट्रान्सप्लांटची टीम घेते आणि त्याला चेंबरपर्यंत नेणं हीच एक मोहीम असते. ड्रेन, सलाइनचे पंप, व्हेंटिलेटर, सगळं दाबाला चालेल असं करून घ्यावं लागतं. आत्याच्या फॉरवर्डमधली बाई निळ्या लाइटमध्ये हसत होती!

फुगवायचा तंबू

शहरात हल्ली वेलनेस सेंटर्समध्ये जे दिसतं, ते तर अनेकदा चेंबरही नसतं. फुगवायची कापडी नळी असते, दाब १.३ अॅटमॉस्फिअर. गणित करून बघा. २१ टक्क्यांची हवा १.३ पट दाबली की श्वासाला २७ टक्के ऑक्सिजन मिळाल्यासारखं होतं. तेवढा ऑक्सिजन हॉस्पिटलमध्ये नाकाला लावायच्या साध्या नळीतून मिळतो! अशा मऊ चेंबरना अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे ती उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठी. त्याच एफडीएने २०१३मध्ये लोकांना बजावलं होतं, की ऑक्सिजन चेंबरच्या नावाने नाही नाही ते दावे चाललेत, फसू नका. २०२०मध्ये इस्रायलमधून ‘पेशींचं वय उलटं फिरतं’ अशी बातमी आली आणि बाजार आणखी तापला. तो अभ्यास ३५ माणसांचा होता आणि तुलनेला चेंबरमध्ये न गेलेला गटच नव्हता.

बरं, घेऊन टाकलं पॅकेज, फार तर पैसे जातील, असं म्हणाल? नाही हो. १९९७मध्ये मिलानच्या एका हॉस्पिटलमध्ये चेंबरला आग लागून ११ जण गेले. हात शेकायच्या छोट्या यंत्राने पेट घेतला, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत मिशिगनला पाच वर्षांचा मुलगा चेंबरच्या आगीत गेला. त्याच वर्षी जुलैत अॅरिझोनात एका फिजिओथेरपिस्टचा स्वतःच्याच सेंटरमध्ये तसाच मृत्यू झाला. तेल लावलंय का, हा प्रश्न म्हणून विचारतात. जिथे तो कोणी विचारत नाही, तिथून उलट्या पावली परत या.

लिव्हरच्या ऑपरेशननंतर आणखीही काही गोष्टी असतात. पोटावर मोठा छेद, उजव्या बाजूला छातीत पाणी किंवा हवा साठण्याची शक्यता. एक्स-रे न बघता कोणी आत पाठवत असेल तर? कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिनसारखं औषध झालं असेल, तर त्याचं आणि चेंबरचं जमत नाही. हे सेंटरच्या रिसेप्शनिस्टला माहीत असण्याची शक्यता किती? दाब किती देणार, ऑक्सिजन शंभर टक्के की नुसती हवा, चेंबरपाशी डॉक्टर असतो का, फाइलवर कुठलं निदान लिहिणार, एवढं फोनवर विचारून बघा. मी तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी पलीकडून ‘मॅडम, तुम्ही एकदा येऊन तर बघा’ एवढंच!

मित्राचं काय झालं?

मित्राने दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या सर्जनना विचारलं. ते म्हणाले, ‘‘कशासाठी? तुझी धमनी उघडी आहे, रिपोर्ट उतरतायत. तू तीन बॉलवालं यंत्र किती वेळा ओढलंस आज?’’ पठ्ठ्याने सकाळपासून एकदाही ओढलं नव्हतं.

मग त्याची खरी रिकव्हरी सुरू झाली, जिचा फोटो कोणी फॉरवर्ड करणार नाही. कॉरिडॉरमध्ये पोटाला उशी धरून चालायचं. तीन बॉल वर उचलून धरायचे. प्रोटीन खायचं, म्हणजे आईच्या हातची मुगाची उसळ आणि अंडी. दारू बंद, जड उचलणं बंद, मनाने घेतलेली गोळी बंद. काढे तर अजिबात नाही. (कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवलेत. आत्याचा पुढचा फॉरवर्ड नेमका गुळवेलीचाच होता!) सहा आठवड्यांनी वर्क फ्रॉम होम, दहाव्या आठवड्यात ऑफिस. तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये लिव्हर जवळजवळ पूर्वीएवढं.

मावसभाऊ थोडा नाराज झाला. त्याने डिस्काउंटसाठी बरीच घासाघीस केली होती. शेवटी पॅकेजसाठी काढून ठेवलेले पैसे बाबांच्या टॅक्रोलिमसकडे वळवले. दिलेलं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून ती गोळी रोज घ्यावी लागते, दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. मित्राच्या मोबाइलवर सकाळी आठ आणि रात्री आठचा अलार्म आहे. मीटिंगमध्ये वाजला की टीममधलं कोणीतरी म्हणतं, ‘‘सर, काकांना फोन!’’